गिलाव्याचा बोजा

(उत्तर न्यू मेक्सिकोतलं लॉस अलामितोस गाव. ऑक्टोबरातली दुपार. ओफेलिया, तिचा नवरा आब्रान आणि तिची भाची नीवेस अंगणात भाजलेल्या हिरव्या मिरच्या सोलत बसले आहेत.)

नीवेस : नाही म्हणजे नाही, आत्या. योलांदा माझी मावसबहीण आहे. पैसे थकवले म्हणून तिच्या घरावर बोजा चढवला तर नाताळात मावशीकडे कुठल्या तोंडानं जाऊ?

ओफेलिया : ज्या तोंडानं तिच्या न्हाणीघराच्या फरशा बसवल्यास, त्याच तोंडानं.

आब्रान : फरशा हातानं बसवतात.

ओफेलिया : तुम्ही मिरच्या सोला. काय गं, तुझं काम संपलं कधी?

नीवेस : जून सरता सरता.

ओफेलिया : म्हणजे या महिन्याअखेर चार महिने होतील. तोवर काउंटीत नोंद केलीस तर केलीस. नंतर पैसे मागशील, पण घराला धरून मागता येणार नाहीत. उद्या ती घर विकून टेक्सासला गेली, की फरशा नव्या मालकाच्या आणि तू रस्त्यावर.

नीवेस : तुझं आयुष्य नोंदणीच्या खिडकीमागे गेलं, म्हणून तुला ते कागद म्हणजे रोजचं जेवण वाटतं. आम्हा लोकांना बोजा म्हणजे सरळ भांडण.

ओफेलिया : असं एलोइसाला जाऊन सांग.

नीवेस : एलोइसाबाईंचं काय मध्येच? मातीचं काम त्यांच्याचकडे शिकले मी. बोजाबिजाचं त्या कधी बोलल्या नाहीत.

ओफेलिया : कशाला बोलेल? तिनं देल्फीनोच्या घरावर चढवला होता.

नीवेस : स्वतःच्या नवऱ्याच्या घरावर?

आब्रान : तेव्हा नवरा नव्हता. तेव्हा तो नुसता माझा मालक होता. दिवसभर गाडीखाली आडवा पडायचा, आणि संध्याकाळपर्यंत चार शब्द बोलला तर गॅरेजात सण.

ओफेलिया : मुळापासून सांगते, ऐक. त्या घरात देल्फीनोची आई राहायची, हेनोवेवाबाई. घर मातीच्या विटांचं, तिच्या सासऱ्यानं बांधलेलं. भिंतींवर बाहेरून सिमेंट. लांबून बघितलंस तर ठणठणीत. पण मातीच्या भिंतीला सिमेंट म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

नीवेस : आतली ओल आतच राहते. खालच्या विटांचा भुगा होतो.

ओफेलिया : तसंच झालं होतं. म्हातारीनं एके दिवशी चमच्यानं कोपरा खरवडला, तर चमचा दांड्यापर्यंत आत गेला. तिनं एलोइसाला बोलावलं. एलोइसा तेव्हा तिशीची असेल. एकटी, मावशीकडून काम शिकलेली, पण स्वतःचं लायसन काढून धंदा करणारी. म्हातारीचं म्हणणं एकच : सिमेंट उतरव, मला माझी मातीची भिंत परत दे. पैसे शरद ऋतूत वासरं विकल्यावर. एलोइसा हो म्हणाली. अख्खा उन्हाळा तिनं तिथं घातला. सिमेंट फोडलं, कुजलेल्या विटा बदलल्या, गवताचा भुसा घालून माती तुडवली, हातानं गिलावा केला. मदतीला दोन बायका होत्या, त्यांची मजुरी दर शनिवारी स्वतःच्या पदरची. काम उरकलं, आणि वासरं बाजारात जायच्या आधीच हेनोवेवाबाई झोपेतच गेली.

नीवेस : अरे देवा. मग?

ओफेलिया : घर दोन मुलांच्या नावावर आलं. धाकटा देल्फीनो, आईजवळ राहणारा. थोरला सेबियो, अल्बुकर्कीला विमा कंपनीत. एलोइसानं रीत म्हणून महिनाभर तोंड उघडलं नाही. मग विचारलं. देल्फीनो म्हणाला, तुझे पैसे खरे आहेत, पण माझ्या एकट्याच्या हातात नाहीत. सेबियोनं फोनवर सांगितलं, की पक्कं सिमेंट उतरवून चिखल फासणाऱ्या बाईला मी दमडी देणार नाही, आईच्या म्हातारपणाचा फायदा घेतलास. आणि वर घर विकायलाही काढलं. गिऱ्हाईक कुठलं, तर कॅलिफोर्नियाचं एक जोडपं. त्यांना घर आवडलं कशानं? मातीच्या भिंतीनं.

आब्रान : त्या बाईनं भिंतीला गाल लावून फोटो काढला होता.

ओफेलिया : मग एलोइसा माझ्या खिडकीशी आली. अर्ज भरलेला, घराचं वर्णन नीट, रक्कम नीट. सही तेवढी बाकी. मला विचारते, हा बोजा देल्फीनोवरसुद्धा बसतो का? मी म्हटलं, बोजा माणसावर नसतो, घरावर असतो. घर ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे तो जातो. म्हणून तर विकत घेणारा आधी येऊन आमचीच पुस्तकं उघडतो, आणि बोजा दिसला की पाऊल मागे घेतो. तिनं अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. मागे रांग लागलेली. मग म्हणाली, त्याला वाईट वाटेल. आणि सही केली.

नीवेस : म्हणजे तेव्हाच मनात काहीतरी होतं.

ओफेलिया : उन्हाळाभर त्याच्या अंगणात माती तुडवत होती बाई. तो गॅरेजातून जेवायला घरी यायचा, तर आधी तिच्या पिंपात पाणी भरायचा आणि मग हात धुवायचा. बोलणं शून्य.

आब्रान : नोंदीची प्रत टपालानं गॅरेजात आली तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं हात पुसले, वाचली, घडी घालून खिशात ठेवली. म्हटलं, काय आहे? तर म्हणाला, नाव बरोबर लिहिलंय. एवढंच.

नीवेस : चिडले नाहीत?

आब्रान : देल्फीनो चिडला की नट जास्त आवळतो. त्या दिवशी हात नेहमीचाच होता. आणि गंमत बघ, त्याच आठवड्यात तिच्या ट्रकचा गिअरबॉक्स बसला. एस्पान्योलापर्यंत दुसरं गॅरेज नाही. मीच ओढून आणला. ती उतरली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, तुझ्या घरावर मी बोजा चढवलाय, तरी माझी गाडी दुरुस्त करशील? तो म्हणाला, गाडीनं काही केलेलं नाही.

नीवेस : वा.

आब्रान : वा काय. मी तर त्याला पाना फेकून मारणार होतो. बाई समोर उभी आहे, काहीतरी बरं बोल की.

ओफेलिया : हिवाळाभर काम चाललं. कुठलासा भाग मिळत नव्हता म्हणे.

आब्रान : भाग दुसऱ्याच आठवड्यात आला होता. तो खोक्यात तसाच होता, आणि ते खोकं शेल्फाच्या पार वरच्या फळीवर. ती चौकशीला यायची, शेगडीजवळ बसायची, कॉफी प्यायची. तो तिला सांगायचा, अजून आला नाही. मी वर बघायचो, तो माझ्याकडे बघायचा.

ओफेलिया : हे मला आज कळतंय.

आब्रान : तू सरकारी माणूस. तुला कसं सांगणार?

नीवेस : मग गाडी झाली कधी?

आब्रान : हिवाळा सरता सरता. बिल झालं आणि एलोइसाचा चेहरा पडला. तिचे सगळे पैसे त्याच्या भिंतीत. ती म्हणाली, आत्ता नाहीत. तो म्हणाला, मग राहू दे इथंच. आता तुला वाटेल त्यानं अडवून ठेवली. तर हो, धंद्याचा तो हक्कच आहे. आपण ज्या वस्तूवर काम केलं, ती पैसे मिळेपर्यंत आपल्याजवळ ठेवायची. कुठं नोंद नको, खिडकी नको, ओफेलिया नको. पण त्यातली मेख एवढीच, की वस्तू ताब्यात असेतोवरच तो हक्क. आपल्या राजीखुशीनं गाडी फाटकाबाहेर दिली, की नंतर पैसे मागत बसा, गाडीला हात लावता येत नाही.

ओफेलिया : घराचं तसं नाही बघ. घर कुठं पळून जात नाही, म्हणून त्याची नोंद पुस्तकात. गाडी पळते, म्हणून तिची नोंद फाटकात.

आब्रान : तेवढ्यात वसंत आला. गिलाव्याचा हंगाम. तिला कामं यायला लागली, आणि माती वाहायला गाडी नाही. चुलत्याचा खेचरगाडा घेऊन जायची. गावातून जाताना मान वर करायची नाही. देल्फीनो ते गॅरेजाच्या दारातून बघायचा. त्याला म्हटलं, देऊन टाक. तो परत गाडीखाली शिरला.

नीवेस : आणि ते सेबियो?

आब्रान : आला ना एके दिवशी. टाय लावून. कॅलिफोर्नियावाले कंटाळले होते, बोजा निघत नाही तोवर सही करणार नाहीत म्हणत होते. ट्रक अंगणात उभा बघून त्याचे डोळे चमकले. देल्फीनोला म्हणाला, तिला सांग, बोजा काढ, मग गाडी ने. देल्फीनो म्हणाला, माझा हक्क गिअरबॉक्सच्या पैशांपुरता आहे. दुसऱ्या भांडणासाठी गाडी धरली तर ती चोरी. तर सेबियो म्हणतो, बरं, मग गिअरबॉक्ससाठीच धर. हंगाम चाललाय, महिनाभरात आपोआप नमेल.

नीवेस : आणि कायद्यानं ते बरोबर होतं.

आब्रान : एकदम बरोबर. म्हणून तर देल्फीनोनं वाद घातला नाही. शिवाय समोर थोरला भाऊ. देल्फीनोनं नुसती मान हलवली, सेबियोला वाटलं काम झालं, आणि तो निघून गेला. देल्फीनोनं तो दिसेनासा होईपर्यंत वाट बघितली. मग ट्रकच्या चाकांत हवा भरली, टाकी भरली, काच पुसली. मला म्हणाला, मागून ये, मला परत आणायला माणूस लागेल. तिच्या घरी गेलो. ती अंगणात चाळणीनं माती चाळत होती. त्यानं चावी चाळणीच्या काठावर ठेवली.

नीवेस : मग? तुम्ही कुठं होतात?

आब्रान : माझ्या गाडीत. काच खाली केलेली. ती म्हणाली, पैसे नाहीत माझ्याकडे. तो म्हणाला, विचारले नाहीत. ती म्हणाली, देल्फीनो, गाडी फाटकाबाहेर आणलीस. तुझा हक्क गेला. तो म्हणाला, माहीत आहे. मग ती जरा ताठ झाली. म्हणाली, आता मी माझा बोजा काढावा, असं आहे का तुझ्या मनात?

नीवेस : आणि ते?

आब्रान : तो म्हणाला, नको. काढलास तर घर जाईल. आणि मग त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण केलं. म्हणाला, आई गेल्यापासून मी त्या भिंतीजवळ बसतो संध्याकाळी. तुझ्या बोटांचे माग आहेत तिच्यावर. मला ती भिंत दुसऱ्या कुणाची झालेली बघवणार नाही.

ओफेलिया : घ्या. मिरची लागली वाटतं डोळ्याला.

आब्रान : धूर आहे.

नीवेस : सगळं इथंच गोड झालं असतं की.

ओफेलिया : कसं होईल? निम्मं घर सेबियोचं. कॅलिफोर्नियावाल्यांनी दुसरीकडे घर घेतलं, पण सेबियो हटला नाही. त्याला कुणीतरी सांगितलं, हा बोजा दोन वर्षं जगतो. तेवढ्यात तिनं कोर्टात दावा लावला नाही, तर आपोआप मरतो. तो नुसता वाट बघत बसला. इकडे यांचं बरं चाललेलं. रविवारी चर्चमधून बरोबर बाहेर पडायचे, ती त्याच्याकडे पोसोले, म्हणजे आपलं मक्याचं कालवण, खायला जायची. आणि दोन वर्षं भरत आली. मी एलोइसाला गाठून सांगितलं, बाई, दावा लावायचा तर आत्ता. ती म्हणाली, कुणावर लावू? मी म्हटलं, घराच्या मालकांवर. दोघांवर.

नीवेस : म्हणजे ज्याच्याकडे पोसोले खाते, त्याच्यावरसुद्धा?

ओफेलिया : एकाला वगळून चालत नाही. ती त्याच्याकडे गेली, म्हणाली, तुझ्यावर दावा लावायचा म्हणते. तो म्हणाला, लाव.

आब्रान : समन्स घेऊन शेरीफचा माणूस आला, तर देल्फीनोनं त्याला बसवून बिस्कोचितोची बिस्किटं खायला घातली. तारखेच्या आदल्या दिवशी केस कापून आला. मी म्हटलं, अरे, तू आरोपीसारखा उभा राहणार आहेस, नवरदेवासारखा काय चाललायस?

ओफेलिया : तारखेला सगळे कोर्टात. माझी खिडकी तिथंच, व्हरांड्याच्या टोकाला, म्हणून सगळं दिसलं. आतून बोलावणं यायला उशीर होता. सेबियो एका बाकावर, ही दोघं समोरच्या. तोंडं तीन दिशांना. आणि एकदम सेबियो बोलला. वकिलासारखा नाही, घरच्यासारखा. म्हणाला, ते सिमेंट मी लावलं होतं. पहिला पगार झाला तेव्हा. सुट्टी काढून आलो, पोती पाठीवरून आणली. आईला दरवर्षी गिलावा करावा लागू नये म्हणून. आणि तिनं ते एका परक्या बाईकडून फोडून घेतलं, मला न सांगता.

नीवेस : अच्छा. म्हणजे पैशाचं नव्हतंच ते.

ओफेलिया : पैशाचंही होतं. पण ते वर होतं, हे खाली. एलोइसा उठली आणि त्याच्या बाकावर जाऊन बसली. म्हणाली, तुझ्या आईनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सेबियोला कळू देऊ नको. त्यानं प्रेमानं केलंय, त्याला सांगू कशी की भिंत त्या सिमेंटनंच कुजली? मग ती म्हणाली, आणि काम कच्चं नव्हतं तुझं. माझ्या दोन छिन्न्या मोडल्या. सिमेंट उतरवायलाच अर्धा जून गेला. बिल फुगलंय ते तुझ्यामुळे.

आब्रान : हसला का तो?

ओफेलिया : आधी हसला. मग रुमाल काढला. देल्फीनो उठून आमच्या इथून कागदी पेल्यात पाणी घेऊन गेला, भावासमोर धरलं. आतून नाव पुकारलं, तेव्हा तिघं एकाच बाकावर होते.

नीवेस : मग दावा मागे घेतला?

ओफेलिया : लगेच नाही. एलोइसा काही भोळी नव्हती. न्यायाधीशांकडून मुदत घेतली. सेबियो त्याचा निम्मा हिस्सा देल्फीनोला विकायला तयार झाला, बाजारभावापेक्षा कमीत. त्याच्या मुलीच्या कॉलेजला पैसे हवे होते, ते कर्ज काढून देल्फीनोनं द्यायचे. आता बँकेची गोष्ट तुला माहीत आहे. घरावर आधीच कुणाचा बोजा असेल, तर त्याचा नंबर पुढे, बँकेचा मागे. बँकेला मागे उभं राहायला आवडत नाही. म्हणाली, आधी तो काढा, मग कर्ज.

नीवेस : पण देल्फीनोकाकांकडे एलोइसाबाईंना द्यायला काही उरलं नसणार.

ओफेलिया : काही नाही. सगळं सेबियोला. एलोइसा पुन्हा माझ्या खिडकीशी आली, बोजा उतरवायचा कागद घेऊन. मी पेन हातातच धरून ठेवलं. म्हटलं, पैसे मिळाले? म्हणाली, नाही. म्हटलं, मग तुझ्या हातात काय राहतंय? दोन वर्षं बोजा धरून कोर्टापर्यंत गेलीस ती कशाला? उद्या तो फिरला तर? ती म्हणाली, ओफेलिया, मी कागद सोडतेय. पैसे सोडत नाही.

नीवेस : आणि सही केली.

ओफेलिया : केली. मी शिक्का मारला. इतकी वर्षं शिक्के मारले, पण त्या दिवशी माझा हात जड झाला होता. तिचा नाही.

आब्रान : पुढच्या मे महिन्यात लग्न झालं त्यांचं. सेबियोनं सासरच्या बाजूनं तिचा हात धरून तिला चर्चमध्ये नेलं. तिचे वडील नव्हते.

नीवेस : आणि गिअरबॉक्स? ते पैसे बुडाले?

आब्रान : छे. ट्रक मिळाला त्या हंगामात पहिल्या कामाचे पैसे हातात आले, तशी सरळ गॅरेजात. तो नको म्हणाला. तिनं नोटा त्याच्या पान्याखाली ठेवल्या आणि निघून गेली. तो दिवसभर तो पाना उचलेना. मी आपला दुसरा वापरत बसलो.

नीवेस : आणि गिलाव्याचे?

ओफेलिया : ते देल्फीनोनं थोडे थोडे करून दिले. महिन्याच्या पहिल्या शनिवारी. दुपारचं जेवण झालं की लिफाफा टेबलावर ठेवायचा, ती उघडून बघायची आणि पावती लिहून द्यायची. लग्न झालं, पोरगी झाली, तरी चालूच. शेवटचा लिफाफा दिला तेव्हा पोरगी चालायला लागली होती.

नीवेस : लग्नानंतर नवऱ्याकडून पैसे घेतले त्यांनी? घर तर आता त्यांचंही होतं. आणि वर पावती?

ओफेलिया : काम केलं होतं बाई तिनं.